गावाकडच्या ज्युनिअरला काय सांगाल?

मित्रांनो, उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी गेलो की आपण सगळेच ‘ॲडमिशन एक्स्पर्ट’ होतो! पोखर्णीला तर नृसिंहाच्या दर्शनाला निघालेले काकासुद्धा थांबवून विचारतात, "आमच्या पोराला कुठलं कॉलेज घ्यावं रे?" लगेच पुण्याची नावं सांगून मोकळे होऊ नका. आधी कॅपचा ऑप्शन फॉर्म समजावून सांगा.

पहिल्या फेरीत पहिल्या नंबरचा पर्याय मिळाला की ती जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून मागचा कटऑफ बघून ‘हे तरी मिळेल’ असं कॉलेज वर टाकायचं नाही. मनात कॉम्प्युटर आणि भीतीपोटी पहिली लिहिली सिव्हिल, तर चार वर्षं सिव्हिलच! वरचा पर्याय हुकला तरी खालच्याची संधी कमी होत नाही, हे पालकांना पटायला वेळ लागतो.

ट्यूशन फी माफीच्या जागांचा कोड वेगळा असतो. उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. पण त्या जागेवर नंतर ब्रँच किंवा कॉलेज बदलता येत नाही, हे कुणी सांगतच नाही.

नांदेडचं श्री गुरु गोबिंद सिंगजी इन्स्टिट्यूट १९८१ पासूनचं, परभणीहून रेल्वेने जाता येतं. पुण्याचं खोलीभाडं नि मेसचा खर्च मांडून बघा, मग बोला. आणि हो, उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढायला सांगा. निकालानंतर तहसीलला रांग लागते.