बोबडे बोल
आजचं चिंतन : ज्ञानेश्वरी, अध्याय १

आमची चिमुरडी अजून दोन वर्षांचीही नाही, पण डोळे उघडल्यापासून तिची टकळी सुरू! काल मोबाईल बघत मी नुसतं 'हं, हं' करत होतो. तिने दोन्ही हातांनी माझा चेहरा वळवला, "बाबा, इकडे!"

पहिल्याच अध्यायात माउली श्रोत्यांना म्हणतात, लेकरू बोबडं बोललं तरी मायबापांना आनंदच होतो. तसं तुम्ही मला आपलं मानलंत, माझं उणं सांभाळून घ्यालच.

आपलं नामस्मरणही असंच, अडखळतं, अर्धवट. तरी विठुमाउली 'नंतर बोल' म्हणत नाही. मग आपण लेकराला का म्हणावं?

आज दहा मिनिटं फोन बाजूला ठेवून नुसतं ऐकूया. तीही सेवाच.

राम कृष्ण हरी!