भांडवल वेगळे, सहल वेगळी

कर्नाटकातील चन्नपट्टण हे लाखेच्या रंगांतील लाकडी खेळण्यांचे गाव. तेथील एखादा घरगुती व्यवसाय उदाहरणादाखल घेऊ. दसऱ्यात घरोघरी बाहुल्या मांडल्या जातात; विक्री वाढते. परंतु हाती आलेल्या रकमेत पुढील लाकडाचे व लाखेचे मोलही असते. तीच सहलीवर खर्ची पडल्यास लेथ थांबते. यास्तव व्यवसायाचे खाते स्वतंत्र ठेवावे, स्वतःस दरमहा ठरावीक मेहनताना द्यावा आणि त्यातून ५०० रुपये आवर्ती ठेवीत भरावेत. वर्षाअखेर ६,००० रुपये व त्यावरील व्याज हाती येते. सणाची घाई ओसरल्यावर सहकुटुंब रेल्वेने श्रीरंगपट्टण, म्हैसूर पाहून यावे. परतल्यावर कच्च्या मालासाठी कर्ज काढावे लागत नाही, हेच या शिस्तीचे फळ.