संकरित गव्हासाठी जनक वाणांची निवड

ज्वारी, बाजरी आणि कपाशी या पिकांतील संकरित बियाणे महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना नवे नाही. गव्हात मात्र ते अपवादानेच दिसते. या शतकाच्या आरंभी महिको कंपनीने ‘प्रथम ७०७०’ व ‘प्रथम ७२७२’ हे संकरित गहू राज्यात आणले, परंतु सरळ वाणांची जागा त्यांना घेता आली नाही. अडचणीचे मूळ गव्हाच्या फुलात आहे. गहू स्वपरागसिंचित पीक असून त्यातील नैसर्गिक परपरागीकरण साधारणतः एक टक्क्याच्या आसपासच राहते. त्यामुळे जनक निवडताना केवळ उत्पादन पाहून भागत नाही.

मादी वाण नरवंध्य असावा लागतो. ट्रिटिकम टिमोफिवी या नातेवाईक प्रजातीच्या पेशीद्रव्यातून हे नरवंध्यत्व १९६२ साली साधले गेले. मादीची पुष्पिका रुंद उघडणारी व कुक्षी बाहेर डोकावणारी असावी. नर वाण मादीपेक्षा उंच हवा. त्याचे परागकोश ओंबीबाहेर लोंबणारे आणि परागाने भरलेले हवेत. गव्हाचा पराग शेतात जेमतेम अर्धा तास जिवंत राहतो, म्हणून दोघांचा फुलोरा जुळलाच पाहिजे; न जुळल्यास पेरणीच्या तारखा मागेपुढे कराव्या लागतात. नरात प्रजननक्षमता पुन्हा प्रस्थापित करणारी जनुकेही पुरेशी असावीत. ती अपुरी असतील, तर शेतकऱ्याच्या शेतातील ओंब्यांत दाणे विरळ भरतात आणि सारा खटाटोप फुकट जातो.

दोन्ही जनक उत्तम असूनही संकर फसू शकतो. एकात ‘एनई १’ व दुसऱ्यात ‘एनई २’ हे जनुक असल्यास संकरित रोपाची पाने अकाली करपतात. भारतातील अनेक जुन्या उंच वाणांत पहिले, तर मेक्सिकन वंशाच्या कित्येक बुटक्या वाणांत दुसरे आढळते. त्यामुळे मोठ्या क्षेत्रावर बीजोत्पादन घेण्यापूर्वी लहान प्रमाणावर चाचणी संकर करून पाहणे श्रेयस्कर.

आपला रब्बी गहू हिवाळ्यात वाढत असला, तरी शास्त्रीय अर्थाने तो वसंत गहूच होय. खऱ्या हिवाळी गव्हाला ओंबी धरण्यासाठी कित्येक आठवडे कडक थंडी लागते. निफाड किंवा रायपूर येथे पेरल्यास तो फुटवेच काढीत राहील. तरीही त्याची जनुके मोलाची आहेत. रशियातील ‘कावकाझ’ हा हिवाळी गहू आणि आपल्या ‘कल्याणसोना’चे रक्त एकत्र आणूनच मेक्सिकोत ‘व्हीरी’ वंश घडला. अशी जनुके स्थानिक वाणात उतरवून घ्यावीत. हिवाळी वाण थेट जनक म्हणून वापरू नये. महाराष्ट्र द्वीपकल्पीय विभागात, तर छत्तीसगड मध्य विभागात मोडतो, म्हणून संयोग क्षमतेची परीक्षा ज्या त्या विभागातच व्हावी. दाणे भरताना येणारी उष्णता आणि तांबेरा यांची कसोटी इथे टळत नाही.

शेवटी प्रश्न पैशाचा. संकरित ज्वारीला हेक्टरी सुमारे १० किलो बियाणे पुरते. गव्हाला नेहमीच्या पेरणीत १०० ते १२५ किलो लागते. संकर जोम १० टक्के धरला, तर हेक्टरी ४० क्विंटलवर ४ क्विंटलची वाढ मिळेल. बियाण्याचा जादा खर्च एवढ्या गव्हाच्या किमतीत बसतो का, याचा हिशेब विस्तार कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यासमोर पेरणीपूर्वीच मांडावा. घरचे राखलेले बी पुढच्या हंगामात पेरल्यास पीक उंचीला व पक्वतेला विषम येते, हेही त्याच वेळी सांगावे.