‘गाडी ओढत नाही’ म्हणून इंजिनात हात घालण्याआधी

हिंगोलीकडच्या सिद्धेश्वर धरणावरून औंढ्याकडे निघालात, गाडीत पाच माणसं आणि डिकीत हळदीचं पोतं असलं, की चढावर तिसऱ्याचा दुसरा गिअर करावाच लागतो. मग मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणतंच, “ओढत नाही राव तुझी गाडी. रिमॅप मारून घे, पंधरा मिनिटांचं काम आहे.” काम पंधरा मिनिटांचं नसलं तरी तास-दोन तासांचं असतं, हे खरं. पण त्याचं बिल तेवढ्यावर थांबत नाही. इथले आकडे ढोबळ आहेत. गावागणिक, गाडीगणिक ते बदलतील. मात्र कोणता खर्च कशाच्या मागून येतो, तो क्रम सगळीकडे सारखाच.

आधी एक सवाल. गाडी नवी असताना हाच चढ कसा चढत होती? तेव्हा चढत असेल आणि आता चढत नसेल, तर गाडीला जास्तीची ताकद नको आहे, हरवलेली ताकद परत हवी आहे. आपल्याकडच्या दहापैकी सात-आठ गाड्यांची हीच गत असते, असं माझं मत. लाखभर किलोमीटर पळालेल्या डिझेल गाडीत ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप, काजळीनं भरतो, टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप बारीक चिरतो, डिझेल फिल्टर तुंबतो. पाइप चिरला की हवा बाहेर निसटते, गाडी काळा धूर मारते आणि मालक म्हणतो इंजिन गेलं. एअर फिल्टर चार-पाचशेला, डिझेल फिल्टर हजार-दीड हजाराला, ईजीआर काढून साफ करायला दोन-तीन हजार. इंजेक्टर बेंचवर तपासायला नगामागे तीन-पाचशे लागतात. दुरुस्ती निघाली तर नगाला तीन-चार हजार, आणि नवाच टाकायचा तर दहा हजारांच्या वर. स्कॅनर लावून कोड वाचायला मिस्त्री पाचशे घेतो. या सगळ्याआधी चाकांतली हवा तपासा, ती फुकट आहे. हाताला तापलेला लागणारा, चिकटून बसलेला ब्रेकही गाडीला मागे ओढतो.

हवेच्या फिल्टरबद्दल जरा थांबून सांगतो, कारण या भागात तिथंच जास्त पैसे वाया जातात. धुऊन पुन्हा वापरायचा, तेल लावलेला सुती फिल्टर पाच-सात हजारांना मिळतो. त्यातून हवा मोकळी जाते, हे खरं. पण हळद पॉलिशला लागते त्या दिवसांत आणि काळ्या मातीच्या रस्त्यावर जी बारीक धूळ उडते, ती अडवायला कंपनीचा कागदी फिल्टरच बरा. मी हौसेनं तो सुती फिल्टर बसवला होता. धुतल्यावर तेल जरा जास्त झालं, ते हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसलं आणि गाडी आधीपेक्षा मंद झाली. सेन्सर साफ करून घेतला, कागदी फिल्टर परत बसवला. फिल्टर अजून माळ्यावर आहे.

हे सगळं करूनही ताकद हवीच असेल, तर रिमॅप म्हणजे काय ते बघू. सिद्धेश्वरच्या वरच्या अंगाला येलदरी धरणाच्या पायथ्याशी पाण्याच्या दाबावर टर्बाइन फिरतं आणि वीज तयार होते. डिझेल गाडीच्या टर्बोतही टर्बाइनच असतं. ते इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर फिरतं आणि ताजी हवा दाबून आत भरतं. हवा किती दाबायची, डिझेल किती आणि कधी सोडायचं, हे गाडीचा छोटा संगणक, म्हणजे ईसीयू ठरवतो. कंपनी तिथं राखून खेळते, कारण तीच गाडी राजस्थानच्या उन्हात आणि भेसळीच्या डिझेलवरही चालायची असते. रिमॅपवाला ही राखीव जागा वापरतो. टर्बो-डिझेलला त्यातून साधारण वीस टक्के ताकद वाढते आणि ती चढावर जाणवते. बिनटर्बोच्या पेट्रोल गाडीला राखून ठेवलेलं फारसं नसतंच. ८३ पीएस ताकदीच्या पेट्रोल स्विफ्टला पाच-सात पीएस मिळाले तरी नशीब. त्या पैशात चार टायर चांगले घ्या.

जुन्या डिझेल स्विफ्टचंच उदाहरण घेऊ, रस्त्यावर ती अजून भरपूर दिसते. तिचं १२४८ सीसीचं इंजिन ७५ पीएस आणि १९० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. हेच इंजिन मारुतीनं अर्टिगात ९० पीएसचं केलं, पण तेव्हा टर्बोही बदलला, नुसता प्रोग्राम नाही. रिमॅपनं त्याच छोट्या टर्बोकडून तेवढंच काम काढून घ्यायचं असतं. काही वर्षं तो करतोही.

आता बिल मांडू. अशा गाडीचा नुसता सॉफ्टवेअरचा रिमॅप, ज्याला ट्यूनर ‘स्टेज वन’ म्हणतात, वीस ते तीस हजारांत होतो. बाहेरून जोडायचा ट्यूनिंग बॉक्सही साधारण त्याच भावात. तो काढून ठेवता येतो, हा त्याचा फायदा. चांगले ट्यूनर मुंबई-पुण्याकडे. हिंगोलीहून पुणे जाऊन-येऊन नऊशे किलोमीटरच्या आसपास. डिझेल, टोल आणि एक मुक्काम धरला तर सात-आठ हजार. डायनोवर, म्हणजे चाकाची ताकद मोजणाऱ्या रोलरवर, आधी एकदा आणि नंतर एकदा गाडी चढवायची तर आणखी चार-पाच हजार. हा खर्च वाचवू नका. डायनो नसेल तर तुम्ही फाइल, म्हणजे ईसीयूचा नवा प्रोग्राम, विकत घेतली की नुसता विश्वास, हे कळायला मार्ग नाही. आणि मग क्लच. १९० न्यूटन-मीटरसाठी बनवलेली, निम्मी झिजलेली क्लच प्लेट सव्वादोनशेवर घसरायला लागते. क्लच सेट मजुरीसकट आठ-दहा हजार. वीस-पंचवीस हजारांचं म्हणून सुरू झालेलं काम असं पन्नास हजारांच्या घरात जातं.

पुढच्या स्टेजबद्दल थोडक्यात सांगतो. मोठा इंटरकूलर, मोकळा एक्झॉस्ट, मोठा टर्बो, यात लाख-दोन लाख सहज जातात आणि गाडी रोजच्या वापराची राहत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काढून टाकायला कोणी सांगितलं तर तिथून उठा. धुराची यंत्रणा काढणं बेकायदा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० (२) खाली आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडल्यास दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात.

रिमॅपही कायद्याच्या नजरेतून सुटत नाही. कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही, आणि नोंदणीच्या अर्जात हॉर्स पॉवरचाही रकाना असतो. जानेवारी २०१९ मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच कलम कडक धरलं. कलम १८२ अ (४) प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. नाक्यावरच्या पोलिसाला रिमॅप दिसत नाही, हे सगळे सांगतात. अपघातानंतर विम्याच्या सर्व्हेअरला मात्र तो दिसू शकतो, आणि न कळवलेल्या बदलावरून दावा अडवायला कंपनीला कारण मिळतं. नव्या गाडीची वॉरंटी जाते ती वेगळीच.

उजळ माथ्यानं करता येणारा, आरसीवर चढणारा इंजिनाचा बदल म्हणजे सीएनजी किट. मान्यताप्राप्त किट पन्नास-साठ हजारांना बसतं, एमएच ३८ च्या आरटीओ कार्यालयात नोंद होते, विम्यात किटच्या किमतीवर चार टक्के हप्ता वाढतो, सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी. फक्त त्यानं ताकद वाढत नाही, दहाएक टक्के कमीच होते. औंढ्याच्या चढावर मागच्या सीटवरून पुन्हा तेच ऐकावं लागेल.

एवढं वाचूनही जायचंच असेल, तर ट्यूनरला फोनवर विचारून घ्या: माझी मूळ फाइल जपून ठेवून परत टाकून द्याल का, आणि त्याचे पैसे किती? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं अपडेट मारून तुमची फाइल पुसली, तर पुन्हा टाकायला किती घ्याल? माझ्या मॉडेलचा डायनो ग्राफ दाखवाल का? एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ गाडी असेल, तर ईसीयू खोलावा लागतो का? लागत असेल तर भाव वाढतो आणि ईसीयू निकामी होण्याची जोखीमही. ती कोणाची, हे बिलावर लिहून मागा. “मायलेजही वाढेल” असं कोणी म्हणालं, तर तेही लिहून मागा. निघण्याआधी क्लच इथंच ओळखीच्या मिस्त्रीकडे बघून घ्या. पुण्यात तो घसरला तर मजुरी पुण्याच्या भावानं पडते.