व्याख्यानकक्षाची सजावट : डोळ्यांसाठी आणि कानांसाठीही

भूगोलाच्या कक्षात नकाशे, रसायनशास्त्राच्या कक्षात मूलद्रव्यांचा तक्ता, इतिहासाच्या कक्षात किल्ल्यांची चित्रे लावण्याची प्रथा महाविद्यालयांत जुनीच आहे. सजावटीमागे एखादे विषयसूत्र असले की कक्षाला व्यक्तिमत्त्व लाभते. परंतु शेवटच्या बाकावर व्याख्यान स्पष्ट ऐकू येत नसेल, तर ही शोभा व्यर्थ होय. मराठी माध्यमातून आलेल्या आणि विज्ञान प्रथमच इंग्रजीतून ऐकणाऱ्या विद्यार्थ्याला तर अस्पष्ट शब्दाचा अंदाजही बांधता येत नाही.

उशांनी शिकविलेला धडा

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयाचे व्याख्यानगृह १८९५ मध्ये सुरू झाले. पण तेथे वक्त्याचे शब्द एकमेकांत मिसळून जात. उच्चारलेला ध्वनी सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. भौतिकशास्त्राचे तरुण अध्यापक वॉलेस सबाइन यांनी शेजारच्या नाट्यगृहातील आसनांच्या उशा रात्रीच्या शांततेत तेथे आणून मोजमापे घेतली. उशा वाढत गेल्या, तसा निनाद घटत गेला. यातूनच निनादकालाचे सूत्र हाती आले : कक्षाचे घनफळ घनमीटरमध्ये घेऊन ०.१६१ ने गुणावे आणि एकूण ध्वनिशोषणाने भागावे.

आपल्या कक्षाचा हिशेब

९ मीटर लांब, ७ मीटर रुंद व साडेतीन मीटर उंच असा कक्ष घेऊ. फरशी, गिलावा आणि सिमेंटचे छत मिळून ध्वनिशोषण सुमारे ७ एकक धरले, तर रिकाम्या कक्षात निनाद जवळजवळ ५ सेकंद टिकतो. पन्नास विद्यार्थ्यांमुळे आणखी २० एककांची भर पडली, तर तो १.३ सेकंदांवर येतो. भिंतींवर २५ चौरस मीटर मऊ फलक लावून १५ एकके वाढविली, की तो ०.८५ सेकंदापर्यंत उतरतो. भाषणासाठी एक सेकंदाहून कमी निनाद हितकर असतो.

सजावट अशी असावी

नकाशे व चित्रे काचेच्या चौकटीत बसविण्याऐवजी जाड काथ्याच्या किंवा लोकरीच्या फलकांवर सैल विणीचे कापड ताणून त्यावर विरळ मांडावीत. धनगरी घोंगडीही या कामी उपयोगी पडते. फलक मागील व बाजूच्या भिंतींवर असावेत. फळ्याची भिंत साधी व टणकच ठेवावी, म्हणजे वक्त्याचा आवाज पुढे फेकला जातो आणि दृष्टीही विचलित होत नाही. छताला पांढरा रंग द्यावा. उजव्या हाताने लिहिणाऱ्यांच्या वहीवर सावली पडू नये म्हणून उजेड डावीकडून यावा. कापड विजेच्या तारांपासून दूर ठेवावे.

खर्च करण्यापूर्वी रिकाम्या कक्षात एक टाळी वाजवून पाहावी. तिचा नाद रेंगाळला, तर रंगाच्या आधी मऊ फलकांची तरतूद करावी. विषयसूत्र त्याच फलकांवर साकारता येते. त्यासाठी वेगळा खर्च क्वचितच लागतो.