उताराच्या जमिनीवर कुंपण घालण्यापूर्वी

कॅलिफोर्नियात फ्रीमाँट, डब्लिन, सॅन रमोन या भागांत टेकडीच्या उतरणीवर घर घेणाऱ्या नवागतांना परसातल्या कुंपणाचा प्रश्न लवकरच पडतो. येथे दीर्घकाळ स्थायिक असलेल्या निरनिराळ्या मराठी कुटुंबांचे अनुभव एकत्र ठेवून पाहता त्यांतून एक गोष्ट निर्विवादपणे पुढे येते, ती ही की, लाकूड कोणते घ्यावे आणि काम कोणास द्यावे याचा विचार करण्यापूर्वी जमीन नेमकी किती उतरते याचे माप कागदावर आले पाहिजे. कारण कुंपणाची उंची, खांबांची लांबी, एकंदर खर्च आणि पुष्कळ अंशी शेजाऱ्याशी राहणारा सलोखाही त्या एका आकड्यावर अवलंबून असतो.

हे माप घेण्यास फारसे साहित्य लागत नाही. वरच्या व खालच्या टोकाला खुंट्या ठोकून त्यांमध्ये दोरी ताणावी, ती पाणसळीने आडव्या पातळीत आणावी आणि दोन्ही खुंट्यांपाशी दोरी जमिनीपासून किती उंच आहे ते पाहून त्यांतील फरक टिपावा. अंतर मोठे असेल तर दोरीला झोल पडतो, अशा वेळी आपल्याकडील गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी अधिक भरवशाची ठरते. समजा, आडवे अंतर 64 फूट आणि उतार 6 फूट भरला, तर 8 फुटी आठ पॅनेलांत प्रत्येकाच्या वाट्यास 9 इंचांचा उतार येतो. लांबी मात्र आडवीच मोजावी. जमिनीला टेकवून धरलेली फीत येथे तीन-साडेतीन इंच अधिक दाखवते, आणि तेवढ्यानेही शेवटचे तयार पॅनेल खांबाशी जुळत नाही.

या 9 इंचांचे परिणाम दूरवर पोचतात. कुंपण पायऱ्यापायऱ्यांनी उतरवले, म्हणजे प्रत्येक पॅनेल सपाट ठेवून पुढचे 9 इंच खाली घेतले, तर ते दिसावयास रेखीव दिसते खरे, परंतु प्रत्येक पॅनेलच्या खालच्या टोकाशी तेवढीच त्रिकोणी फट राहते आणि त्याच ठिकाणी 6 फुटी कुंपणाचा माथा जमिनीपासून पावणेसात फुटांवर जातो. जेथे नगरपालिकेची किंवा घरमालक-संघाची मर्यादा 6 फुटांची असेल, तेथे ती उंची कोणत्या बिंदूपासून मोजतात हे नियोजन-खात्याकडून लेखी घ्यावे, कारण हरकत नेमकी येथेच निघते. त्या जागी खांब पावणेसात फूट वर आणि अडीच फूट जमिनीत, म्हणजे सव्वानऊ फूट लागतो; 8 फुटी खांब आणून ठेवले तर ते निरुपयोगी ठरतात, 10 फुटीच घ्यावेत.

दुसरी रीत म्हणजे आडव्या पट्ट्या उताराला समांतर आणि फळ्या मात्र ओळंब्यात उभ्या ठेवण्याची. तिच्यात खाली फट राहत नाही, म्हणून उतार एकसारखा असेल तेथे आम्ही हीच रीत सुचवतो; तयार व्हिनाइलची पॅनेले फारशी वाकत नाहीत, जागेवर जोडलेले लाकूड मात्र हव्या त्या उतारास जुळवून घेता येते. परसात पोहण्याचा तलाव असेल आणि त्याचे संरक्षण या कुंपणावरच सोपवायचे असेल, तर राज्याच्या कायद्याप्रमाणे त्याची उंची किमान 60 इंच असावी लागते आणि खालची फट 2 इंचांहून अधिक चालत नाही; तेथे पायऱ्यांच्या कुंपणाखालच्या फटी बुजवल्यावाचून गत्यंतर नाही.

सरहद्दीच्या बाबतीत जुन्या कुंपणावर विसंबू नये. दस्तऐवज व नकाशा काढून परवानाधारक मोजणीदाराकडून हद्दीच्या खुणा निश्चित करून घ्याव्यात. 1 जानेवारी 2014 पासून अमलात असलेल्या दिवाणी संहितेच्या कलम 841 प्रमाणे सामाईक कुंपणाचा लाभ दोन्ही मालकांना सारखाच होतो असे गृहीत धरले जाते, आणि खर्चात वाटा मागणाऱ्याने कामाचे स्वरूप, अंदाजे खर्च, त्याची वाटणी व मुदत नमूद करून 30 दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस अवश्य द्यावी, परंतु तिच्याआधी नकाशा घेऊन शेजाऱ्याच्या घरी स्वतः जावे, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. खालच्या घरातील माणसास आपले 6 फुटी कुंपण त्याच्या अंगणातून कितीतरी उंच दिसते, त्याचा सूर्यप्रकाशही कदाचित त्यामुळे अडतो, आणि ही गोष्ट त्यास खांब उभे राहिल्यावर कळावी यासारखा अन्याय नाही.

खोदकामापूर्वी, जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा करून घेण्यासाठी, 811 या क्रमांकावर इत्तला देणे बंधनकारक आहे. कळवल्याचा दिवस सोडून निदान दोन कामकाजाचे दिवस मध्ये जाऊ द्यावेत आणि खोदण्याची जागा पांढऱ्या रंगाने आधीच आखून ठेवावी. या टेकड्यांवर अनेक ठिकाणी असलेली चिकण माती आपल्याकडील काळ्या जमिनीप्रमाणे पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून उथळ रोवलेले खांब काही वर्षांत कलतात; खांबाभोवतीच्या काँक्रीटचा माथा बाहेरच्या बाजूस उतरता ठेवावा, म्हणजे लाकडापाशी पाणी साचत नाही. उतारावरची माती अडवण्याचे काम कुंपणाकडून मुळीच घेऊ नये. त्यासाठी स्वतंत्र भिंत लागते, आणि पायाच्या तळापासून ती 4 फुटांहून उंच असेल तर सामान्यतः परवाना घ्यावा लागतो.

वणव्याचा धोका असलेल्या भागांत घराला टेकणारे शेवटचे 5 फूट लाकडाऐवजी धातूचे करावेत. फाटकासाठी सर्वांत सपाट जागा निवडावी आणि ते खालच्या बाजूस उघडेल अशा बिजागऱ्या बसवाव्यात, कारण चढाकडे उघडणाऱ्या फाटकाची खालची कड जमिनीत रुतते.