चाळीस हाती हवेत, तर दर किती?

प्रश्न : करोलबागेत मी घरून पुरणपोळ्या विकते, एक ४० रुपयांना. डिलिव्हरी ॲप २५ टक्के कमिशन घेते, म्हणून तिथे दर ५० ठेवला. ऑर्डरी वाढल्या, पण पैसे उरत नाहीत. असे का?
– एक वाचक, दिल्ली

उत्तर : ताई, कमिशन तुमच्या ४० वर नाही, ५० वर कापले जाते. शिवाय कमिशनवर १८ टक्के जीएसटी लागतो. तुमची नोंदणी नसेल तर तो परत मिळत नाही. म्हणजे प्रत्यक्ष कपात २९.५ टक्के, आणि ५० मधून हाती येतात ३५.२५. दर ‘क्ष’ माना : ०.७०५ क्ष = ४०. क्ष येतो ५६.७४. दर ५७ ठेवा.

खरी दमछाक पुढे आहे. समजा, डाळ, गूळ, तूप, गॅस, डबा धरून पोळीमागे २४ रुपये जातात आणि मदतनीस बाईंचा पगार वगैरे ठरलेला खर्च महिना १२,००० आहे. ४० हाती आले तर पोळीमागे १६ उरतात. १२,००० भागिले १६, म्हणजे ७५० पोळ्यांत खर्च निघतो. ३५.२५ आले तर उरतात ११.२५, आणि त्याच खर्चासाठी १,०६७ पोळ्या लाटाव्या लागतात. एवढे कष्ट फुकट जाऊ देऊ नका. होळीच्या सुमारास तूप महागले, तर २४ च्या जागी नवा आकडा घालून गणित पुन्हा मांडा.